परदेशी स्वयंसेवक महाशयांस अनावृत पत्र

श्रीमान परदेशी स्वयंसेवक महाशय, मुक्काम नालासोपारा पूर्व, तालुका वसई, जिल्हा पालघर, यांचे सेवेशी



आपण सहा महिन्यांच्या मुदतीने आमच्या उद्धारार्थ या तालुक्यात दाखल झाल्याची वार्ता प्रथम सोसायटीच्या चिटणीसांकडून, मग कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून आणि शेवटी, ती जुनी झाल्यावर, वृत्तपत्रातून आम्हांस कळली. परकीय नागरिक मुक्कामास उतरला की त्याची वर्दी २४ तासांच्या आत सरकारदरबारी पोहोचवण्याचे बंधन घरमालकावर असल्यामुळे, आपण विमानप्रवासाचा शीण घालवण्यासाठी गाढ निद्रेत असताना, आपणास खोली भाड्याने देणारा मजकूर इसम दुकानाची एक दिवसाची विक्री बुडवून, आपल्या पारपत्राच्या प्रती घेऊन, संगणकावर तो विवक्षित नमुना भरून देणाऱ्या पोराच्या मिनतवाऱ्या करीत बसला होता. अर्थात आपली सेवा सुरू होण्यापूर्वीच एक मनुष्य आपल्या सेवेत रुजू झाला होता. आता आपली मुदत संपत आली असताना, अशा माणसांची संख्या कशी वाढत गेली याची कैफियत आपणासमोर ठेवावी, एवढ्याचसाठी हा पत्रप्रपंच.

आपले आगमन आम्हांस नवलाचे वाटले, असा आपला समज झाला असल्यास तो प्रथम दूर करणे इष्ट. आमच्या कल्याणाची चिंता वाहणारे परदेशी लोक या किनाऱ्यावर फार पूर्वीपासून उतरत आले आहेत. सन १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहान्वये हा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला आणि त्यांना आमच्या आत्म्याची इतकी काळजी लागून राहिली की १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला सर करून त्यांस या जबाबदारीतून मुक्त करीपर्यंत त्यांचा पाय काही येथून निघाला नाही. पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी याच वसईत इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावास मैत्रीचा हात दिला, त्याच्या रक्षणार्थ सहा हजार कवायती पायदळ देऊ केले, आणि या परोपकाराचा खर्च भागावा म्हणून सव्वीस लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख त्याजकडून लिहून घेतला. पाहुण्याने साहाय्य करावे आणि त्याचा हिशेब यजमानाने चुकता करावा, ही येथील वहिवाट अशी पुरातन आहे. आपण मात्र पदरचे पैसे मोडून आलात, इतकेच नव्हे तर सेवा करू देण्याबद्दल आपल्या देशातील मध्यस्थास भरभक्कम शुल्कही मोजलेत. पाच शतकांत झालेली ही सुधारणा आम्ही कृतज्ञतापूर्वक नमूद करतो.

ज्या नगरीत आपण उतरलात तिचा अल्प परिचय येथे अप्रस्तुत होणार नाही. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व भोवतालची गावे एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी येथे महानगरपालिका स्थापन झाली. आमच्या बागायती गावांना महानगर होण्याची हौस नव्हती आणि त्यांनी तसे मोठ्या आवाजात सांगितलेही, परंतु प्रगतीस रयतेची संमती लागतेच असे नाही. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या बारा लाखांवर भरली. तेव्हापासून ती किती वाढली हे ज्यास जाणून घ्यावयाचे असेल त्याने सकाळी आठच्या सुमारास नालासोपाऱ्याच्या फलाटावर उभे राहावे, म्हणजे पुढील जनगणनेची प्रतीक्षा करण्याचे कारण उरणार नाही.

त्या फलाटावर आपली खरी दीक्षा झाली. विरारहून मुंबईस जाणारी पहिली गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी सुटली, तेव्हा दिवसाकाठी ती एकच होती; आज गाड्या पुष्कळ आहेत, तथापि प्रत्येकीत चढणाऱ्यास ती शेवटचीच वाटते. आपण पाठीवर ती अवाढव्य पिशवी घेऊन डब्यात शिरलात तेव्हा चार अनोळखी हातांनी ती उतरवून आपल्या पोटाशी बांधली. तिसऱ्या बैठकीवरील गृहस्थाने किंचित सरकून आपणास चौथी सीट दिली, जिच्यावर मनुष्य अर्धा बसतो आणि अर्धा केवळ श्रद्धेने टिकून राहतो. आणि परतताना विरार जलद गाडीतून बोरिवलीस उतरण्याचा मनोदय आपण प्रकट केलात तेव्हा संपूर्ण डब्याने आपणाकडे ज्या करुणेने पाहिले, ती करुणा आपण आपल्या अहवालात 'स्थानिकांचे कुतूहल' या सदरात घातली आहे असे समजते. त्या दिवशी आपण विरारपर्यंत वाहून गेलात. तेथून आपणास परत नालासोपाऱ्यास आणून सोडणारा तरुण अंधेरीच्या एका गोदामात बारा तास उभा राहून आलेला होता. त्याने या कामाचे प्रमाणपत्र मागितले नाही.

पाण्याचा विषय काढल्यावाचून या शहराचे कोणतेही वर्णन पुरे होत नाही. सूर्या धरणाच्या प्रकल्पाचे पाणी शहरास आले म्हणतात, तरी आमच्याकडे बहुधा टँकरच येतो, आणि नळास पाणी येण्याची वेळ ही पंचांगातील मुहूर्ताप्रमाणे अढळ नसून कारभाऱ्यांच्या मर्जीप्रमाणे चंचल असते. आपण एका शाळेत 'जलसंवर्धनाचे महत्त्व' या विषयावर चित्रांसह व्याख्यान देण्यास गेला असता अकस्मात पाणी आले, आणि आपले पिंप रिकामे राहू नये म्हणून शेजारच्या काकूंनी, स्वतःचा स्वयंपाक गॅसवर तसाच ठेवून, चौथ्या मजल्यावर आपल्यासाठी कळशीने पाणी भरले. आपण ज्या मुलांना थेंब थेंब वाचवण्याचा उपदेश केलात, त्यांपैकी कित्येकांनी त्या दिवशी सकाळी शाळेत येण्यापूर्वी टँकरच्या रांगेत हंडा धरलेला होता. त्यांनी आपले म्हणणे अत्यंत शांतपणे ऐकून घेतले आणि शेवटी टाळ्याही वाजवल्या. आमची मुले उपजतच सुसंस्कृत आहेत.

परंतु आपल्या कार्याचा कळस म्हणजे अर्नाळ्याच्या किनाऱ्याची स्वच्छता. हातमोजे चढवून, गळ्यात ओळखपत्र अडकवून, आपण व आपले सहकारी वाळूवरचा कचरा उचलू लागलात, आणि सुकत घातलेल्या बोंबलांच्या बांबूंपासून थोड्या अंतरावर पसरलेला निळ्या नायलॉनचा एक भला मोठा गुंता आपण विजयी मुद्रेने ओढून प्लॅस्टिकच्या गोणीत कोंबू लागलात. छायाचित्रकार पुढे सरसावला. इतक्यात नऊवारीचा कासोटा आवळलेली एक कोळीण, हातातील टोपली खाली ठेवून, तरातरा आपल्यासमोर येऊन उभी राहिली व म्हणाली, "बाला, जालं हाय ते!" तिच्या घरधन्याने दुरुस्तीसाठी वाळूवर मांडून ठेवलेले जाळे आपण पर्यावरणाच्या हितार्थ जप्त केले होते. तिने गोणी उलटी केली, जाळे झटकले, तुटलेले डोळे बोटांनी चाचपून पाहिले, आणि मग, आपला चेहरा अगदीच उतरलेला पाहून, आपणास सावलीत बसवून चहा पाजला व जाळे विणण्याची सुई हातात देऊन गाठ कशी मारावी ते दाखवले. आपली गाठ सुटली. तिने ती न बोलता पुन्हा मारली. गोणीत उरलेला कचरा गावाबाहेर नेऊन टाकण्याची व्यवस्था कोणीच केलेली नसल्यामुळे ती गोणी किनाऱ्यावरच राहिली आणि अमावास्येच्या उधाणाने तिच्यातील ऐवज यथास्थित परत वाळूवर मांडला. छायाचित्र मात्र सुरेख आले आहे.

महाशय, परदेशातून येऊन या भूमीची सेवा करणे अशक्य आहे, असे प्रतिपादन करण्याचा आमचा इरादा नाही. फादर थॉमस स्टीफन्स नावाचे एक इंग्रज १५७९ मध्ये गोव्यास उतरले आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तले. मधल्या चाळीस वर्षांत त्यांनी आमची भाषा इतकी आपलीशी केली की १६१६ मध्ये त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण छापून निघाले. आणि उलट दिशेचे उदाहरण हवे असेल तर ते आमच्या वसईतच आहे. १५५७ च्या सुमारास येथे पोर्तुगीज पिता आणि स्थानिक माता यांच्या पोटी जन्मलेला गोन्सालो गार्सिया कोवळ्या वयात जेझुइट धर्मगुरूंसमवेत जपानास गेला, तेथे वर्षानुवर्षे धर्मशिक्षकाचे काम करता करता जपानी भाषेत पारंगत झाला, मग व्यापारात पडून तेथील बाजारात उभा राहिला, पुढे मनिलास जाऊन फ्रान्सिस्कन संघाचा साधा बंधू बनला, आणि १५९३ मध्ये त्या संघाच्या शिष्टमंडळाचा दुभाषी म्हणून जपानात परतून सर्वसत्ताधीश हिदेयोशीसमोर उभा राहिला. त्या काळच्या आशियातील महानगरांत गणल्या जाणाऱ्या क्योतो शहरी त्याच्या संघाने निर्धनांसाठी व कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये चालवली. धर्मप्रसाराचा हेतू त्याच्याही ठायी होता, आणि जपानी सत्तेस तो रुचला नाही. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस साथीदारांसह त्यास क्रूसावर चढवण्यात आले, आणि १८६२ मध्ये रोमने त्यास संतपद दिले. आज वसईत त्याच्या नावाचे महाविद्यालय आहे. आपणही इतक्या थरास जावे असा आमचा आग्रह बिलकुल नाही, आणि आपले परतीचे तिकीट निश्चित झाल्याचे ऐकून आम्हांस समाधानच वाटले. केवळ एवढेच निदर्शनास आणावयाचे की त्या दोघांनीही सेवा करता करता लोकांचे ऐकून घेण्यात कित्येक वर्षे घालवली, आणि आपल्या कार्यक्रमपत्रिकेत त्यासाठी पहिल्या सोमवारी दुपारी जेवणानंतरचा अर्धा तास राखून ठेवलेला होता.

येथवर दोष आपल्या पदरी घातला. आता आमची बाजू. आपण राहत असलेल्या चाळवजा इमारतींच्या रांगेत एक बाई दारोदार हिंडते. कोणत्या घरी गर्भवती आहे, कोणत्या बालकाची लस चुकली, कोणाचा खोकला तीन आठवडे थांबलेला नाही, हे सारे तिच्या वहीत असते. सरकारी दफ्तरी तिचा हुद्दा 'आशा स्वयंसेविका' असा आहे, म्हणजे नोंदीपुरती ती आपली सहकारीच. आणि ती स्वयंसेविका ठरल्यामुळे तिला वेतन न देता मोबदला देण्यात येतो, ज्याचा काही भाग कामागणिक मोजला जातो व जो सवडीने अदा होतो. तिच्या शेजारणीची, म्हणजे अंगणवाडी सेविकेची, योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून चालू आहे. तीही सरकारच्या लेखी मानसेवी, सबब तिला मिळते ते मानधन. डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ पर्यंत राज्यातील अंगणवाडी सेविका मानधनवाढ व ग्रॅच्युइटी यांसाठी संपावर होत्या, त्या काळात आम्हां सुशिक्षित रहिवाशांची मुख्य तक्रार अशी होती की मुले घरी फार दंगा करतात. आपण आलात तेव्हा मात्र आम्ही ढोलताशे आणले, नगरातील मान्यवर आपल्या शेजारी उभे राहण्यासाठी एकमेकांस कोपराने दूर सारू लागले, आणि त्या स्वागतसमारंभात खुर्च्या मांडून मुले रांगेत बसवण्याचे काम याच दोघींनी केले. गोऱ्या हातांनी झाडू धरला की ती समाजसेवा होते आणि सावळ्या हातांनी धरला की तो पोटाचा उद्योग ठरतो, ही व्यवस्था आपण आणलेली नाही. आपण येण्यापूर्वीच ती आम्ही सिद्ध करून ठेविली होती.

आता पुढील आठवड्यात आपला निरोपसमारंभ योजिला आहे. शाल व श्रीफळ देण्यात येईल, मान्यवर आपणास 'वसईचे सुपुत्र' म्हणतील, आणि अध्यक्षांचे भाषण आपणास समजत नसल्यामुळे ते आपणास आवडेल. त्या प्रसंगी, भावनेच्या भरात, आपल्या खांद्यावरची शाल त्या आशाताईंच्या खांद्यावर घालण्याचा मोह आपणास झाल्यास तो कृपा करून आवरावा. तसे केल्यास सभेचे डोळे पाणावतील, आमचे अंतःकरण तृप्त होईल, आणि अंतःकरण तृप्त झाले की आम्ही पुढील काही वर्षे कोणत्याही कर्तव्यातून मोकळे होतो. त्याऐवजी आपण ध्वनिक्षेपकासमोर उभे राहून अध्यक्षांस एकच प्रश्न विचारावा: या बाईंचा थकलेला मोबदला कोणत्या तारखेस मिळणार? हाच प्रश्न आम्ही विचारतो तेव्हा त्यास अर्ज म्हणतात व त्यावर आवक क्रमांक पडतो. आपण विचारलात तर ती बातमी होईल आणि दुसऱ्या दिवशी खुलासा निघेल. अशी ही एक सेवा आहे, महाशय, की जी आमच्यापैकी कोणाकडूनही होण्यासारखी नाही, जीस भाषेचे वा गाठी मारण्याचे कौशल्य लागत नाही, आणि जिच्यासाठी आपल्या कातडीचा रंग आणि पारपत्र एवढे भांडवल पुरेसे आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला कृपाभिलाषी,
एक वसईकर

ता. क. प्रश्न मराठीतच विचारावा, नाहीतर दुभाषी त्याचे रूपांतर आभारप्रदर्शनात करील. वाक्य लहान आहे. शेजारच्या काकू आठवडाभरात आपणाकडून घोटून घेण्यास तयार आहेत, फक्त पाणी येण्याची वेळ टाळून यावे.