वफ्राची मोट

जुलैत कुवेतमध्ये शेतावर जायचं नाव कुणी काढत नाही. 21 जुलै 2016 ला मित्रिबात पारा 53.9 अंशांवर गेला, आणि जागतिक हवामान संघटनेने तो आकडा तपासून मान्यही केला. हिवाळा लागला की मात्र साल्मिया-मंगफच्या मराठी घरांत ‘मजरा’ घुमू लागतो. मजरा म्हणजे अरबीत शेत. आपल्याकडच्या ‘मजरे’ गावांचं मूळही हेच, त्यामुळे शब्द तरी ओळखीचा.

मजरे दोन दिशांना. दक्षिणेला सौदी सीमेजवळ वफ्रा, उत्तरेला इराकच्या अंगाला अब्दली. चार-पाच कुटुंबं मिळून शुक्रवारपुरतं शेत भाड्याने घेतात. शेळ्या, तट्टू, पोहायचा तलाव आणि कोळशाची शेगडी. मुलांना साधं ग्रामीण जीवन कळावं म्हणून निघालेल्या गाडीत दोन बर्फपेट्या, घडीच्या खुर्च्या, एक स्पीकर आणि तीन चार्जर असतात.

अशाच एका गाडीत यंदा सांगोल्याकडचे एक आजोबा होते, व्हिजिट व्हिसावर आलेले. दिनार अडीचशे रुपयांच्या वर असतो, हे कळल्यापासून ते प्रत्येक गोष्टीला गुणत होते. “म्हंजे शेळी बघायचे पैशे?” त्यांनी विचारलं. “तसं नाही हो बाबा, अनुभवाचे,” सूनबाई म्हणाली. महाराष्ट्र सरकारने 2020 साली कृषी पर्यटनाचं धोरणच आणलंय, हेही तिने सांगून पाहिलं. आजोबा गप्प बसले. त्यांनी तो अनुभव पन्नास वर्षं फुकट घेतला होता.

वफ्रा जवळ आलं तशी वाळूत माना खालीवर करणारी लोखंडी यंत्रं दिसू लागली. आजोबा काचेला चिकटले. “ही मोट कुणाची? बैल कुठं हायेत?”

“मोट नाही आजोबा, तेल काढतात,” नातू म्हणाला. हे तेलक्षेत्र 1953 साली सापडलं. जिथं खोदलं की तेल लागतं, तिथं एकही नदी नाही. नळाचं पिण्याचं पाणीही समुद्राचा खारेपणा काढून आलेलं. टँकरची वाट बघत उन्हाळे काढलेल्या माणसाला हा हिशेब लागेना.

मजऱ्यावर पोचताच मुलं तट्टाकडे पळाली. दहा मिनिटांत एका शेळीने कुणाच्या तरी टोपीचं टोक चघळलं आणि ग्रामीण जीवनाचा पहिला धडा रडारडीत पार पडला. दुसरा धडा काकड्या तोडण्याचा. हरितगृहात शिरलेल्या मुलांना काकडी वेलाला लागते याचं आश्चर्य वाटलं. ती बरणीतून येते असाच काहींचा समज होता.

आजोबा मात्र वाफ्याशी उकिडवे बसले होते. ठिबकच्या तोंडाशी पांढरा थर धरला होता. त्यांनी नखाने तो खरवडला, जिभेला लावून पाहिला आणि रखवालदाराला हाक मारली. तो बांगलादेशचा. “ॲसिड नहीं छोडते क्या लाइन में?” मग दोघं नळी उपसून बसले. मटण तयार झालं, थंड झालं, पुन्हा गरम झालं, तरी आजोबा उठेनात. दिवसाच्या भाड्यातला सगळ्यात जास्त वसूल त्यांनीच केला, असं सूनबाईने नंतर कबूल केलं.

रात्री त्यांनी गावाकडे धाकट्याला फोन लावला. “आज शेतावर होतो रे. काकडी झकास हाय.”

“कुवेतात शेत घेतलं? किती एकर?”

“एकर न्हाई रं,” आजोबा म्हणाले, “एक दिवस.”