जांभळं औषध

लेस्टरच्या आमच्या परसात कोंबड्या आणल्या, तेव्हा मनात थोडी पुण्य केल्याची गुदगुली होती. मोठ्या फार्मवरच्या या बाया. दीड वर्षाच्या झाल्या, अंडी कमी झाली, की रवानगी खाटकाकडेच. त्यातून एका संस्थेनं सोडवलेल्या. आधी माई आणि जिऊ आल्या, महिन्याभरानं आक्का आणि ताई. आक्काच्या मानेवर औषधालाही पीस नव्हतं. एवढं सोसलेले जीव एकमेकींना सांभाळून घेतील, अशी माझी भाबडी समजूत.

नव्या कोंबड्या अंधार पडल्यावर खुराड्यात ठेवाव्यात, म्हणजे सकाळी जुन्यांना ‘या कालपासूनच होत्या’ असं वाटतं, असा एक सल्ला आहे. पण कोंबडं झाकून तांबडं फुटायचं थोडंच राहतं! उजाडताच माईनं आक्काच्या टाळक्यावर पहिली टोच मारली.

श्येल्डरुप-एब्बे नावाचा नॉर्वेतला एक मुलगा लहानपणी तासन् तास कोंबड्या न्याहाळायचा. कोणी कुणाला टोचायचं आणि कोणी निमूट टोचून घ्यायचं, याची कोंबड्यांत उतरंड असते, हे त्यानं मोठेपणी, १९२१ साली, प्रबंधात मांडलं. आमच्या साताऱ्याच्या वाड्यात चार दिवस राहिला असता तर एवढा खटाटोप वाचला असता.

मी दाण्यापाण्याची भांडी दोन केली, तीही लांब लांब, कारण माई एकाच वेळी दोन्हीकडे पहारा देऊ शकत नाही. चोचींना उद्योग म्हणून कोबीचा गड्डा टांगला. तरी आक्काच्या पाठीवर रक्त आलंच. लाल दिसलं की बाकीच्याही तिथंच टोचतात. त्यावर जांभळा फवारा मिळतो. शाळेत गुडघे फुटल्यावर बाई लावायच्या तोच रंग! आक्काला काखेत धरून फवारलं. तिचं काळीज माझ्या बरगडीवर धडधडत होतं. सोमवारी ऑफिसात माझी बोटं बघून कुणी काही विचारलं नाही. इंग्रज माणसं.

‘‘अगं, शिळी पोळी कुस्करून घाल, पोटं भरली की भांडणं मिटतात,’’ आई साताऱ्याहून फोनवर म्हणाली. आमच्या तूप-दुधाच्या स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं कोंबड्यांना घालणं इथं कायद्यानं मना आहे, हे तिला काही केल्या पटेना. ‘‘पोळीपायी तुरुंगात घालतात?’’

शेवटी माईलाच चार दिवस गॅरेजमध्ये ठेवलं. दांडगी कोंबडी काही दिवस नजरेआड झाली, की तिची गादी जाते. परत येते ती नवी सून होऊन. पाचव्या दिवशी सोडली, तर दबकत दबकत भांड्यापाशी आली. पलीकडून आक्का निघाली. पाठ अजून जांभळी, मानेवर नव्या पिसांच्या सुया. सावकाश चालत गेली आणि नेम धरून माईच्या टाळक्यावर टोचली.

फोनवर आई खळखळून हसली. ‘‘मग? तिची पाळी कधी यायची?’’

मी बाटली आणायला आत गेले.