वस्तुरूप मदत

ऑक्टोबर 2024 मध्ये विधानसभेची आचारसंहिता लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, “कॅशिअरसाहेब, ह्या खेपेला भरतोय.” मला वाटलं, सोसायटीचं थकलेलं कर्ज. मी त्यांचं अभिनंदन केलं. तेवढ्यावर त्यांनी माझा पाठिंबा गृहीत धरला.

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. म्हणजे ज्याच्या मागे कोणी नाही, त्यानेच सह्या जास्त आणायच्या. दहावी सही माझी. अनामत 10 हजार. बँकेत वेगळं खातं. आणि हिशेबाला मी, कारण आयुष्यभर दुसऱ्याचे पैसे मोजून एकदाही खिशात न घातलेला माणूस तालुक्यात मी एकटाच, असं अण्णांचं मत. हे कौतुक होतं की कीव, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.

निवडणूक कार्यालयातून खर्चाची नोंदवही मिळाली. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोख, पिवळ्यांवर बँक. इतकी देखणी वही मी नोकरीतही पाहिली नव्हती. मी अण्णांना समजावलं, “एका उमेदवाराला जास्तीत जास्त 40 लाख.” अण्णा सावरून बसले. “सरकार देतं का?” मी म्हटलं, “नाही, आपलेच खर्चायचे.” मग ते बराच वेळ गोठ्याकडे बघत राहिले. त्यांचं एकूण भांडवल तिथे रवंथ करत होतं.

माघारीची मुदत 4 नोव्हेंबरला दुपारी तीनपर्यंत होती, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवाळीत साऱ्या महाराष्ट्रात बंडोबांना थंडोबा करण्याचं काम जोरात चाललं होतं. पाहुणा म्हणून आलेला पुढारी चकल्या खाता खाता ‘एवढ्या वेळी थांबा’ म्हणायचा आणि उमेदवार डोळे पुसत थांबायचा. चार तारखेला सकाळीच मी अण्णांकडे गेलो, तर अंगण सारवलेलं, रांगोळी काढलेली, सतरंजी अंथरलेली. वहिनींनी फराळाची ताटं झाकून ठेवलेली. अण्णा कडक इस्त्रीत. “कुणी यायचंय का?” मी विचारलं. “यायला पाहिजे,” ते म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ह्या माणसाला विधानसभेत जायचंच नव्हतं. कोणी मोठ्याने दारात यावं, खांद्यावर हात ठेवावा आणि गावादेखत म्हणावं, “अण्णा, तुम्ही बसा.” एवढ्यासाठी ते उभे होते.

एक वाजला. दोन वाजले. सव्वादोनला दारात जीप थांबली. अण्णा उठले, पुन्हा बसले, चेहऱ्यावर रुसवा आणला. जीपमधल्या माणसाने काच खाली करून पलीकडच्या गावातल्या दुसऱ्या एका अपक्षाच्या घराचा रस्ता विचारला. अण्णांनी तो नीट सांगितला, वळणावरच्या वडासकट. तीन वाजले आणि अण्णा नाइलाजाने उमेदवार झाले. फराळ आम्ही दहा सूचकांनी संपवला. तो वहीत धरावा की दिवाळीत, ह्यावर मी एक रात्र घालवली आणि दिवाळीत धरला.

चिन्ह मिळालं कपबशी. अण्णांना फार आनंद झाला. त्याच वर्षी लोकसभेला साताऱ्यात तुतारीसारख्या वाटणाऱ्या पिपाणी ह्या चिन्हाने 37 हजारांवर मतं घेतली होती, आणि पडलेल्या तुतारीवाल्या उमेदवाराला कमी पडलेली मतं त्याहून थोडी होती. अण्णांनी ह्यातून काढलेला अर्थ असा, की चिन्ह चांगलं असलं की माणूस कसा का असेना. अडचण एकच. चहा आपल्याकडे सगळे पितात, पण कपबशीतून कोणीच पीत नाही. टपरीवर काचेचे ग्लास, लग्नात कागदी कप. प्रचाराला दाखवायला कपबशी शोधत आमची पोरं दोन दिवस हिंडली. तिसऱ्या दिवशी अण्णांची नजर आमच्या शोकेसवर गेली.

त्या शोकेसमध्ये हिचा चिनी मातीचा सेट होता. सहा कप, सहा बश्या, कडेला निळी वेल. आमच्या लग्नातला. त्यातून चहा फक्त दोनदा दिला गेला होता: एकदा थोरलीला बघायला आले तेव्हा आणि एकदा धाकटीला. मी स्वयंपाकघरात जाऊन विषय काढला. “अहो, सरकारी नियम आहे,” मी म्हटलं, “वस्तू दिली तरी मदतच धरतात, वहीत नाव लागतं.” ती म्हणाली, “मग लिहा, तुम्ही नेलात म्हणून. मी दिलेला नाही.” मी पांढऱ्या पानावर नोंद केली: वस्तुरूप मदत, कप 6, बश्या 6.

प्रचार असा: पुढे टेम्पोवर कर्णा, मागे अण्णा हात जोडून, त्यांच्यामागे ट्रेमध्ये सहा कपबश्या घेतलेलं पोरगं. प्रत्येक दारात एकच प्रश्न: “चहा कुठाय?” चहा देता येत नव्हता. चहापासून वडापावापर्यंत सगळ्याचे दर जिल्ह्याने ठरवून दिलेले, आणि आमच्यामागे कॅमेरावालं पथक. एकदा तपासणीत साहेबांनी फोटोवर बोट ठेवून विचारलं, “कपात काही होतं का?” मी शपथेवर सांगितलं, “रिकामे होते साहेब.” त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की आपण काहीतरी लपवायला हवं होतं असं मला वाटून गेलं.

उमेदवार सतरा होते. मशीनवर बटणं सोळा. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे, मग नोंदणी झालेल्या पक्षांचे, मग अपक्ष, आणि त्यांच्यात वर्णमाला. अण्णांचं नाव ‘ह’ वरून. त्यामुळे पहिल्या मशीनवर सोळा जण दाटीवाटीने बसले आणि दुसरं मशीन आलं आमच्या वाट्याला. त्यावर दोनच बटणं चालू: वर अण्णा, खाली नोटा. “अख्खं मशीन आपलं!” अण्णा सभेत सांगायचे. सभा म्हणजे पारावरची माणसं. ती सभेआधीही तिथेच असायची.

18 तारखेला संध्याकाळी सहाला प्रचार थांबायचा होता. पाच पन्नासला, बाजारपेठेतल्या नव्या गतिरोधकावर टेम्पो उडाला आणि एक बशी फुटली. कर्णा तेव्हा ‘विजयी करा’ म्हणत होता.

23 तारखेला मोजणी झाली. अनामत वाचायला वैध मतांचा सहावा हिस्सा लागतो, तो विषय पहिल्या फेरीतच मिटला. शेजारच्या नोटाला आमच्यापेक्षा जास्त मतं पडली, म्हणजे आमच्या मशीनवरही आम्ही दुसरे. पण अण्णांना लागलं ते वेगळंच. आमच्या गावच्या बूथवर त्यांना नऊ मतं होती. सूचक दहा, सगळे त्याच बूथचे. खुद्द अण्णा आणि वहिनी वेगळ्या.

ओट्यावर आम्ही दहाही जण बसलो होतो आणि अण्णा एकेकाकडे बघत होते. वातावरण सैल करावं म्हणून मी सांगितलं, की 2008 साली राजस्थानात नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी, काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष, फक्त एका मताने पडले होते. अण्णा म्हणाले, “मलाही एकच कमी पडलं असतं तर मी झोपलो असतो. इथं तिघं फितूर आहेत.” मग हळूच वहिनींकडे पाहून म्हणाले, “निदान दोघं तरी.” वहिनी आत गेल्या.

निकालानंतर तीस दिवसांत हिशेब द्यावा लागतो, नाहीतर तीन वर्षांपर्यंत निवडणूक लढवायला बंदी येते. ते ऐकून वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, “भावजी, नाही दिला तर चालेल का?” पण मी जन्माचा कॅशिअर. विसाव्या दिवशी वही पुरी केली. फुटलेली बशी गुलाबी पानावर बसेना, कारण रोख नाही. पिवळ्यावर बसेना, कारण बँक नाही. शेवटी पांढऱ्या पानावर वस्तुरूप मदतीसमोर लिहिलं, ‘परत: कप 6, बश्या 5.’

अण्णा आता जिल्हा परिषदेची वाट बघतायत. कपबशीच मागणार म्हणतात. आमच्या शोकेसला कुलूप लागलंय, आणि किल्ली हिच्या कमरेला असते.