डेव्हिएशनवर पास

चाकणकडे जाणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या बसमध्ये चढा, एक नाना सापडतोच. पहिल्या पाळीची बस असली की निम्मी माणसं निगडीलाच मान टाकतात, उरलेली मोशी येईपर्यंत. जागे दोघेच, ड्रायव्हर आणि नाना. त्यातही ड्रायव्हरची खात्री देता येत नाही. नानांच्या हातात मोबाइल, मोबाइलवर गोष्ट, गोष्टीत १९३८ साल आणि त्या सालात कुठल्याशा बर्फाळ डोंगरावरून डिझेलचा धूर ओकत चाललेलं अजस्र हवाई जहाज.

या प्रकाराला डिझेलपंक म्हणतात. दोन महायुद्धांच्या आसपासचा काळ, लोखंड, ग्रीस, रणगाडे, एखादा माथेफिरू शास्त्रज्ञ आणि काही केल्या न मरणारा नायक. परदेशातली हौशी मंडळी अशा लघुकथा धडाधड लिहितात. आपला एक एकनिष्ठ वाचक चाकणच्या तळेगाव चौकात ट्रॅफिकमध्ये अडकून पडलाय, याची त्यांना कल्पना नाही. असती तर जरा जपून लिहिलं असतं.

आमचे नाना मेंटेनन्सचे. मूळ सातारकडचे, आयटीआय करून भोसरीत आले आणि पुढे कंपनीबरोबर चाकणला सरकले. वाचनाचं वेड गावाकडचं. तालुक्याच्या वाचनालयात शाळकरी नानांनी आधी बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड संपवले, मग गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, मग सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि फिरोज इराणी. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, नाईकांनीही हजाराचा आकडा ओलांडला. साहित्यिक मंडळी त्यावर नाक मुरडतात. नाना म्हणतात, "आरं, एक माणूस, एक पेन, ना हेल्पर ना ओव्हरटाइम, आणि हजार नग बाहेर! ह्याला प्रॉडक्शन म्हणतात. तुमचे ते मोठे लेखक दहा वर्षांत एक पीस काढणार, त्यालाही शेवट नाही."

शेवट नसण्याचा नानांना राग आहे. वाचनालयाच्या पुस्तकांची शेवटची पानं हटकून फाटलेली असत, त्यामुळे कित्येक खुनी त्यांच्या लेखी आजही मोकाट आहेत.

इंग्रजी नाना शिकले ते मशीनच्या मॅन्युअलमधून. त्यामुळे गोष्टीतलं इंजिन, गिअरबॉक्स, प्रेशर, व्हॉल्व्ह सगळं एका दमात वाचतात आणि प्रेमप्रसंग आला की अडखळतात, कारण ते शब्द कुठल्याच मॅन्युअलमध्ये नव्हते. नायकाने नायिकेला घट्ट मिठीत घेतलं, की नानांना एवढंच कळतं की क्लॅम्पिंग व्यवस्थित झालंय. पुढे चला.

पण खरा नाना दिसतो तो तपासणीत. नायक दहा हजार फुटांवरून पॅराशूटशिवाय उडी मारतो, खालून जाणाऱ्या दुसऱ्या विमानाच्या पंखावर उतरतो आणि टोपीसुद्धा हलत नाही. नाना शांत. खलनायक तीनदा मरून चौथ्यांदा येतो. नाना म्हणतात, "येऊ दे, धंद्याचा भाग आहे." आणि मग एका ओळीत तो नायक रणगाड्याच्या डिझेल इंजिनाचा स्पार्क प्लग बदलतो. झालं! मोशीला झोपलेली बस जागी होते. "स्पार्क प्लग? डिझेलला? ह्याच्या आज्ज्याने बसवला होता का?"

मग सगळ्यांची शिकवणी. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा विसावा हिस्सा होईस्तोवर दाबली की ती आपोआप रसरसते, त्यात डिझेलचा फवारा मारला की पेटते. ठिणगी पेट्रोलला लागते. मागच्या सीटवरचा कॉन्ट्रॅक्टवरचा पोरगा एवढंच विचारतो, "मग नाना, पुढं काय झालं?" नानांनी पुढे वाचलेलंच नसतं. लॉट तिथेच रिजेक्ट.

एकदा असंच एका गोष्टीत नायकाच्या गाडीतलं डिझेल वाळवंटात संपलं. मागे शत्रू. नायिका कुठूनशी डबा घेऊन आली, त्याने तो टाकीत ओतला, सेल मारला आणि गाडी भुर्रकन निघाली. नानांनी मोबाइल मांडीवर ठेवला, चष्मा काढला. "आणि एअर कोण काढणार?" जुन्या डिझेल गाडीची टाकी कोरडी पडली की पाइपात हवा धरते. नुसतं डिझेल ओतून भागत नाही. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप दाबत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग डिझेलची अखंड धार. मग स्क्रू आवळायचा, तरीही इंजिन दोन-चार आचके देणारच. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर ज्यांनी चालवली त्यांना विचारा. नाना हे सांगताना बोटांनी हवेत पंप दाबत होते आणि खरं सांगतो, मूळ पाठलागापेक्षा तो पाठलाग जास्त थरारक होता. शत्रू जवळ येतोय, हातात दहाचा पाना, आणि बुडबुडे काही थांबत नाहीत!

इतिहासही नानांना पाठ. हिंडेनबर्ग हे जर्मन हवाई जहाज ६ मे १९३७ रोजी अमेरिकेत लेकहर्स्टला उतरताना जळालं. त्याला डेमलर-बेंझची चार डिझेल इंजिनं होती. "पेट्रोल लवकर पेटतं म्हणून मुद्दाम डिझेल घेतलेलं. आणि डोक्यावर काय, तर दोन लाख घनमीटर हायड्रोजन! अशी काउंटरमेजर आमच्या इथं पण लिहितात." इंजिनांचा त्यात काही दोष नव्हता, हे ते दर वेळी बजावून सांगतात, कुणी दोष दिलेला नसतानाही.

खुद्द रुडॉल्फ डिझेल २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या बोटीवरून नाहीसा झाला. केबिनमधलं अंथरूण विस्कटलेलंसुद्धा नव्हतं. पुढे समुद्रात प्रेत मिळालं, उलगडा झाला नाही. ही केस झुंजारकडे द्यायला हवी होती, असं नानांचं ठाम मत आहे.

मुलगा इंजिनिअर, बॅटरीच्या गाड्यांच्या कामाला. घरात या विषयावर बोलणं बंद. "बॅटरीच्या गाडीत गोष्ट कशी बसणार?" नाना विचारतात. "खलनायक पळता पळता चार्जिंगला थांबणार, की नायक त्याला म्हणणार, तुझं होऊ दे, मी चहा घेतो?"

गुरुवारी सुट्टीला नानांनी स्वतः एक कथा लिहायला घेतली होती. नायक भोसरीचा फिटर, हवाई जहाज इंद्रायणीकाठी बांधलेलं. मी वाचली. पहिल्या प्रकरणात जहाजाचं प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स आहे. दुसऱ्यातही तेच आहे. उड्डाण अजून व्हायचंय, कारण एका सीलचं मटेरियल नानांच्या मनाला येत नाही.

तरी माणूस कोरडा नाही. एखाद्या लेखकाने इंजिन गार असताना आधी हीटर दिला, मग सेल मारला, एवढं जरी लिहिलं, तरी नाना विरघळतात. मग नायक मंगळावर जाऊ दे, नाही तर मेलेल्या बापाशी बोलू दे. "मापात थोडं इकडंतिकडं आहे," असं म्हणत ते ती गोष्ट डेव्हिएशनवर पास करतात आणि दोन दिवस सगळ्या बसला ऐकवतात.

तेव्हा मराठीत कुणी असल्या साहसकथा लिहिणार असेल तर एकच विनंती. नायकाला मारा, जिवंत करा, दोनदा लग्न लावा, पण गाडीतलं डिझेल संपू देऊ नका. संपवायचंच असेल, तर दहाचा पाना कुठे ठेवलाय ते आधीच्या पानावर सांगून ठेवा.