बॉनेटपंडित

चिंचपोकळी-लालबाग पट्ट्यात आढळणारा बॉनेटपंडित हा मनुष्यप्रकार बोलावून येत नाही. चाळीसमोर किंवा पुलाजवळ जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं की दोन मिनिटांत तो हजर होतो. वय साठीच्या आसपास, हात पाठीमागे बांधलेले. स्वतःची गाडी नसते. असलेली त्याने ‘वेळीच काढून टाकलेली’ असते.

त्याचा खास विषय प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या, १०८९ सीसी इंजिनाच्या या कार्बोरेटरवाल्या गाडीला तो आजही ‘फियाट’च म्हणतो. मुंबईतल्या शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली आणि वीस वर्षांची मुदत संपताच, २०२३ मध्ये, ती रस्त्यावरून गेली. पंडिताला अशी मुदत नाही.

मालकाची तक्रार बहुधा जोडीने येते : गाडी उभी असताना रेस खाली येत नाही, आणि अ‍ॅव्हरेज पार बसलंय. पंडित डोळे मिटून इंजिन ऐकतो. नाडीपरीक्षेनंतरचं निदान ठरलेलं असतं : ‘इंजिनाचं काम निघालंय.’ मग तो मालकाकडेच पेचकस मागतो (स्वतःचा कधीच नसतो) आणि आयडलचा स्क्रू पिळतो. रेस उतरते, गर्दी माना डोलावते आणि सिग्नलला गाडी बंद पडते.

खरी तपासणी सोप्याकडून अवघडाकडे जाते. आधी अ‍ॅक्सिलरेटरची केबल अडकत नाही ना, ते पाहायचं. मग चोक : दांडी आत ढकलली तरी गंजलेली केबल मागे न सरकल्यास कार्बोरेटरचं झाकण अर्धवट मिटलेलं राहतं. हवा कमी, पेट्रोल जास्त. रेस चढलेली, टाकी उतरलेली. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असतं. स्पार्क प्लग काजळीने काळे पडले असतील तर संशय बळावतो. ते पांढरट असतील तर उलटी शंका घ्यायची : मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून किंवा चिरलेल्या नळीतून इंजिन चोरून हवा खेचतंय. शेवटी एअर फिल्टर, टायरमधली हवा आणि चाकाला चिकटलेले ब्रेक. यांनी रेस चढत नसली तरी पेट्रोल जातं.

पंडिताला हा क्रम ठाऊक नसतो असं नाही. पण चोकची केबल तेलाच्या चार थेंबांत सुटते, आणि चार थेंबांत सुटणाऱ्या दुखण्याला पंडित कशाला लागतो? म्हणून तो केबलकडे बघत नाही. अ‍ॅव्हरेजचा हिशेबही तो टाकी फुल करून, किलोमीटर लिहून, पुन्हा फुल करून घालत नाही. ‘आमची अठरा द्यायची,’ एवढं सांगतो. ती पुलाच्या उतारावर इंजिन बंद करून सोडली जायची, हे सांगत नाही.

अखेर गॅरेजवाला येतो, केबलला तेल देतो, आणि रेस बसते. उरतो तो स्क्रू. इतक्या पंडितांनी तो इतक्या वेळा पिळलेला असतो की त्याची मूळ जागा गाडीलाही आठवत नाही. ती शोधायला अर्धा तास जातो. तोवर पंडित करी रोडच्या बाजूला निघालेला असतो; तिकडे कुणीतरी बॉनेट उघडलेलं असतं.