इंग्लंडचा पिवळा पीतांबर

इंग्लंडात नकाशा घेऊन निघालेल्या प्रवाशाला पहिला चकवा लावते ती एव्हन. ब्रिस्टलला एव्हन, शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्डला एव्हन, सॉल्झबरीलाही एव्हन, आणि तिन्ही नद्या वेगळ्या! मुळात हे नावच नव्हे. तिथल्या जुन्या ब्रिटन लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ नुसता ‘नदी’. शेजारच्या वेल्समध्ये नदीला आजही तोच शब्द आहे. समुद्रापलीकडून आलेल्या अँग्लो-सॅक्सनांनी तो विशेषनाम समजून उचलला, आणि ‘रिव्हर एव्हन’ म्हणजे नदी नदी झाली. लँकेशरातल्या पेंडल हिलने तर कहर केला. ‘पेन’ म्हणजे डोंगर. त्याला सॅक्सनांनी आपला ‘हिल’ जोडला. दोन्ही झिजून ‘पेंडल’ झाल्यावर पुढच्यांनी पुन्हा ‘हिल’ लावला. आपला पीतांबर दोनदाच पिवळा. हा ५५७ मीटरांचा टेकाडवजा डोंगर तीनदा डोंगर आहे.

कोणी म्हणेल, परक्यांनी जुनी नावं राखली हा त्यांचा मोठेपणा. मोठेपणा असता तर आधी अर्थ विचारला असता. बरं, दोन्ही जमाती पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या, तेव्हा अर्थ अगदीच ठाऊक नसेल असंही नाही. पण नावाला अर्थ लागतो कुठे? उलट अर्थ विसरला गेला की नाव चिवट होतं. ‘मग जेत्यांनी नावं बदललीच नाहीत का?’ बदलली की. नॉर्थवर्दीचं डर्बी डेन लोकांनीच केलं. त्यातला ‘बी’ म्हणजे त्यांच्या भाषेतलं गाव. नॉर्मनांची मजल मात्र जिभेपुरतीच. नॉटिंगहॅम हे मूळचं स्नॉटिंगहॅम, म्हणजे स्नॉट नावाच्या कुणा गृहस्थाच्या माणसांची वस्ती. ‘स्न’ त्यांच्या जिभेला जड गेला, ‘स’ गळला, आणि आजच्या इंग्रजी कानाला शेंबूडगाव वाटलं असतं असं एक शहर निव्वळ उच्चारदोषाने बचावलं.

नाव लागतं ते परक्यांना, घरच्यांना नदी नुसती नदीच असते. आडनावांचंही तेच. गावाचं नाव माणसाला चिकटतं ते बहुधा त्याने गाव सोडल्यावर. भर पुण्यात ‘पुणेकर’ म्हणून हाक मारली तर कोण कोण वळून बघेल? उत्तर इंग्लंडातल्या वॉशिंग्टन गावाचं नाव बाराव्या शतकात एका सरदाराने घेतलं. त्याच्या वंशातला जॉर्ज अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला, आणि त्याच्या नावाची राजधानी उभी राहिली. मूळ वॉशिंग्टनकरांना मात्र आता आपण कुठल्या वॉशिंग्टनचे, हे खुलासेवार सांगावं लागतं.