निळ्या दाताच्या महाराजांस

राजमान्य राजेश्री हॅरल्ड ब्लूटूथ, डेन्मार्क व नॉर्वेचे अधिपती, यांसी
कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

महाराज, दहाव्या शतकात आपण डेन्मार्क आणि नॉर्वे जिंकल्याचं येलिंगच्या शिळेवर आपणच कोरून ठेवलंत. त्यावर भाळून १९९७ साली इंटेलच्या जिम कार्डाक यांनी यंत्रांना बिनतारी जोडणाऱ्या विद्येसाठी आपलं नाव सुचवलं. तेही तात्पुरतं, बरं नाव सापडेपर्यंत. आमच्याकडे बारशाचं नाव कागदावर राहतं आणि 'बाळ्या'च चिकटतो, त्यातलाच प्रकार.

तर तक्रार अशी. साखरपुड्याचा दोन जीबीचा व्हिडिओ भाचीच्या फोनमधून माझ्या लॅपटॉपवर घ्यायचा होता. दोन्ही यंत्रं एकाच सतरंजीवर, मधे चिवड्याची बशी. सहा आकडी कोड जुळवला, 'हो' म्हटलं, आणि बसलो. आपली चाल सेकंदाला जेमतेम दोन मेगाबिट, म्हणजे सव्वादोन तास. शहाण्णव टक्के झाले तेव्हा भाचीला तहान लागली. फोन हातात घेऊनच ती स्वयंपाकघरात गेली, मधे भिंत आली, आणि सगळं पुन्हा शून्यापासून.

मग मेसेजच्या ॲपवरून मागवला. वीतभर अंतरासाठी व्हिडिओ कुठल्या कुठल्या सर्व्हरला वळसा घालून आला, आणि वाटेत इतका वाळला की शालूची जर जाऊन नुसता पिवळा ढग उरला.

पूर्वी शेअरइट आणि झेंडर ही ओझी वाहायची. २९ जून २०२० रोजी केंद्राने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली, त्यात दोन्ही गेली. हल्ली एअरड्रॉप, क्विक शेअर आहेत. वेगवान आहेत, नाही म्हणत नाही. पण त्यांच्या घरी आपलं काम काय, तर शेजारी कोण बसलंय ते सांगायचं. ओझं वायफाय वाहतं. राजाचा मध्यस्थ झाला, महाराज! मुलगी दाखवायची आणि चहा पिऊन उठायचं.

त्यातही गोत्रं आहेतच. एअरड्रॉप २०११ पासून आपल्याच सफरचंदी भाऊबंदात पंगत मांडून बसलेलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये गुगलने क्विक शेअरची त्याच्याशी सोयरीक जुळवली, तीही सुरुवातीला पिक्सेल १० पुरती. बाकीच्यांनी तोवर मांडवाबाहेर थांबायचं. दोन राज्यं एका छत्राखाली आणणाऱ्याने यात लक्ष घालू नये?

व्हिडिओ शेवटी केबलने घेतला. केबल टीव्हीखालच्या खणात, मेणबत्त्यांच्या पुड्याखाली होती. काही मिनिटांत काम झालं. आता मामांनाही तोच व्हिडिओ हवाय. येताना त्यांच्या फोनची केबल घेऊन या, असं त्यांना कळवलं आहे.

बहुत काय लिहिणे, आपण सुज्ञ असा.